भिंतीकडची बाकी

दसरा झाला की आमच्या वाड्यात न्हाणीघरामागचं लोखंडी पिंप बाहेर निघायचं. वर्षभर त्यात पाली आणि वाळकी पानं नांदत असत. ते धुऊन अंगणात मांडलं की दिवाळीच्या रंगाची सुरुवात झाली असं समजायचं. मग बाजारातून गोणपाटाच्या पोत्यात कळीचा चुना यायचा. पांढरे, ओबडधोबड, वजनाला अपेक्षेपेक्षा हलके असे ते खडे. अण्णा ते एकेक करून पिंपात टाकायचे आणि वरून बादलीने पाणी ओतायचे.

पहिला अर्धा-एक मिनिट काहीच व्हायचं नाही, आणि आम्हा पोरांना तोच वेळ सगळ्यात जास्त आवडायचा. मग एखादा खडा तडकायचा, बारीक सुसकारा ऐकू यायचा, आणि बघता बघता पिंप खदखदायला लागायचं. वाफेचे लोट, फसफस, खडे फुटून फुलून त्यांचं दही. पिंपाच्या पत्र्याला बोट लावलं तर चटका. आजी ओसरीवरून ओरडायची, "लांब व्हा रे! चावतो तो." ती उगाच ओरडत नव्हती. चुना डोळ्यात उडाला तर काय होतं ते तिने भाऊबंदांत पाहिलं होतं.

मला प्रश्न पडायचा तो वेगळाच. पाणी आडातलं, गार. खडे सावलीत ठेवलेले, तेही गार. खाली लाकूड नाही, विस्तव नाही. मग हे उकळतं कशावर?

आजीकडे उत्तर तयार असायचं. "अगं, भट्टीतला जाळ आहे तो. दगडात जाऊन बसलेला. पाणी दिसलं की बाहेर येतो."

पुढे रसायनशास्त्र शिकले, मग कनिष्ठ महाविद्यालयात तेच शिकवलं, तेव्हा कळलं की आजीचं हे मत काही अडाणी नव्हतं. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातले भलेभले रसायनज्ञ जवळपास हेच म्हणत होते. भट्टीत चुनखडी अग्नीचे कण पिते, म्हणून भाजलेला चुना जहाल होतो, असा समज होता. तो मोडला स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने, तराजू वापरून. १७५६ साली त्याने छापलेल्या प्रयोगांचा मथितार्थ असा, की भाजल्यावर चुनखडीचं वजन वाढत नाही, घटतं. म्हणजे तिच्यात काही शिरत नाही, तिच्यातून काहीतरी निघून जातं. ते निघून जाणारं म्हणजे एक हवा. तिला त्याने 'बद्ध हवा' म्हटलं, आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो आणि ४४ ग्रॅम हवा होते. खडे हलके का लागायचे, तेही इथे कळतं.

तर मग आजी चुकली होती का? यावर मी बरीच वर्षं 'हो' म्हणत आले. आता तसं म्हणवत नाही. पण त्याआधी माझी स्वतःची चूक सांगायला हवी, कारण ती आजीच्या चुकीची सख्खी बहीण आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी वर्गात छातीठोकपणे सांगायची, "रासायनिक बंधात ऊर्जा साठवलेली असते. बंध तुटला की ती मोकळी होते." मुलं लिहून घ्यायची. दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटावी तसं काहीतरी चित्र माझ्या डोक्यात होतं, तेच त्यांच्या डोक्यात उतरायचं. आणि त्याच वर्गाला, दोन महिन्यांनी, मी बंध ऊर्जेचा तक्ता शिकवायची. त्यात प्रत्येक बंध तोडायला किती ऊर्जा *द्यावी* लागते याचे आकडे असतात, आणि त्यातला एकही आकडा ऋण नसतो. हायड्रोजनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरावीक संख्येचं माप, डझनासारखं). क्लोरीनचा २४२. द्यायचे, घ्यायचे नाहीत.

मला ही विसंगती दिसली नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीला दिसली. "मॅडम, तोडायला ऊर्जा लागते असं तक्ता म्हणतो. मग तुटल्यावर मिळते कशी? दोन्हीकडे आपणच कसे देणार आणि आपणच कसे घेणार?"

"पुढच्या तासाला सांगते," म्हणाले. शिक्षकी पेशात हे वाक्य फार उपयोगी पडतं.

त्या रात्री कागद घेऊन बसले. उत्तर गुंतागुंतीचं नव्हतं, फक्त मी आजवर उलट्या टोकाने धरलेलं होतं. बंध तुटताना ऊर्जा कधीच सुटत नाही. तोडायला नेहमी खर्च येतो, कुठलाही बंध असो. ऊर्जा बाहेर पडते ती *जुळताना*. आधीचे बंध तोडायला जितका खर्च आला त्यापेक्षा नवे बंध जुळताना जास्त परत मिळालं, तर उरलेली रक्कम उष्णता म्हणून आपल्या हाताला लागते. अभिक्रिया उष्मादायी आहे म्हणायचं ते एवढ्यावरूनच. कमी परत मिळालं, तर आपल्यालाच वरून घालावं लागतं.

स्प्रिंगचं चित्र मात्र डोक्यातून जाईना. शेवटी वाड्यातल्या आडाने सोडवलं. पोहरा हातातून निसटला की रहाट गरगर फिरतो, दोर तळव्यातून सरकतो आणि कातडं भाजून जातं. पोहरा खाली *पोचताना* ती आग होते. आड जितका खोल तितका चटका मोठा, आणि तो पोहरा पुन्हा वर काढायला घामही तितकाच. दोन अणूंचा बंध म्हणजे असा आड आहे. त्यात ऊर्जा भरलेली नसते, उलट तिथे ऊर्जा कमी असते. अणू तळाशी गेलेले असतात. मजबूत बंध म्हणजे खोल आड. मजबूत बंधात भरपूर ऊर्जा असेल असं आपल्याला वाटतं, कारण मराठीत मजबूत म्हटलं की आपल्याला भरलेलं कोठार दिसतं.

थोडा दोष शब्दाचाही आहे. 'बंध' म्हटलं की दोरी आली, गाठ आली, ताण आला. रेशीमबंध वगैरे तर विचारूच नका. रसायनशास्त्राच्या तासाला मुलं ती उपमा फळ्यापर्यंत घेऊन येतात आणि मग लग्नं मोडल्याने ऊर्जा कशी सुटते यावर पुढची दहा मिनिटं जातात.

दुसऱ्या दिवशी वर्गात गॅसच्या शेगडीचा हिशेब मांडला. शहरात पाइपातून येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. गोबरगॅसमध्येही जळतो तो मिथेनच. मिथेनचा एक मोल, म्हणजे १६ ग्रॅम. त्यात कार्बन-हायड्रोजनचे ४ बंध, प्रत्येकी साधारण ४१३ किलोज्यूल, झाले १६५२. जाळायला ऑक्सिजनचे २ मोल लागतात, त्यांचे दुहेरी बंध तोडायला प्रत्येकी ४९८, झाले ९९६. एकूण खर्च २६४८. आता जमा. कार्बन डायऑक्साइडमधले २ दुहेरी बंध, ७९९च्या दराने १५९८. पाण्यातले ४ बंध, ४६३च्या दराने १८५२. एकूण ३४५०. वजा जाता हाती ८०२ किलोज्यूल. चहा होतो तो या ८०२वर. हे दर सरासरीचे असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी पैशाला पैसा जुळत नाही, पण इथे छान जुळतो.

आडत्याचा धंदा असतो तसं आहे हे. उलाढाल हजारोंची, आणि गल्ल्यात उरतं ते थोडंच. आपल्याला फक्त गल्ला दिसतो, म्हणून वाटतं की गॅसमध्ये ८०२ 'साठवलेले' होते. गॅस एकटा काहीही देत नाही. सिलिंडरभर मिथेन हवेशिवाय ठेवा, वर्षानुवर्षं गप्प बसेल. हवा मिळाली तरीही लायटरची ठिणगी लागतेच. सुरुवातीचे काही बंध सैल करायचा पहिला खर्च ती उचलते, पुढचा खर्च मग ज्योतीतूनच निघतो. खरं औदार्य ऑक्सिजनचं आहे. त्याचा बंध दुहेरी असूनही ४९८चाच, म्हणजे आड तसा उथळ. तिथून उचलून ७९९च्या खोल आडात टाकायचं, की चटका बसणारच. बिल आपण गॅसचं भरतो आणि हवा फुकट मिळते, म्हणून सगळं श्रेय गॅसला जातं. भाकरीचंही तेच. भाकरीत ताकद असते म्हणतात. असते, पण नाक दाबून बघा.

"मग बॉम्ब?" एका मुलाने विचारलं. मुलांना बॉम्ब लागतोच. त्याचंही उत्तर याच तक्त्यात आहे. बहुतेक स्फोटकांच्या रेणूंमध्ये नायट्रोजनचे अणू एकमेकांपासून दूर, ऑक्सिजन-कार्बनच्या संगतीत अडकवलेले असतात. धक्का बसला की ते सुटतात आणि एकमेकांना गाठतात. नायट्रोजन-नायट्रोजन तिहेरी बंध ९४५ किलोज्यूलचा आहे, फार खोल आड. दणका होतो तो प्रामुख्याने या आणि अशाच खोल बंधांच्या जुळण्याने. तुटण्याच्या आवाजासारखा वाटतो, पण ती जुळणी असते.

अडचण आली ती शिक्षकांच्या खोलीत. जीवशास्त्राचे सर म्हणाले, "मॅडम, माझी पंचाईत करू नका. मी एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, शिकवतोय. शेवटचा फॉस्फेट बंध तुटतो आणि ऊर्जा मिळते, असं पुस्तकात छापलंय." छापलेलं होतंच. त्याची सुरुवात शोधली तर ती एका चांगल्या माणसापाशी जाते. जैवरसायनज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये पेशीतल्या ऊर्जेच्या देवघेवीवर लिहिताना 'ऊर्जासमृद्ध फॉस्फेट बंध' असा शब्द वापरला आणि तो दाखवायला एक नागमोडी रेघ काढली. पेशीचा हिशेब समजायला ती रेघ इतकी सोयीची ठरली की जगभर पुस्तकांत गेली, आणि रेघेच्या आकारामुळेच बहुधा, स्प्रिंग होऊन मुलांच्या डोक्यात बसली. प्रत्यक्षात तो बंध तोडायलाही खर्चच येतो. पाण्याशी अभिक्रिया होताना नवे बंध जुळतात, एकमेकांना ढकलणारे ऋणप्रभार दूर होतात, सुट्या झालेल्या तुकड्यांना पाणी नीट वेढून घेतं. या सगळ्याची वजाबाकी करून मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल कामाला येतात. सरांनी दोन चहा होईपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "परीक्षेत काय लिहू सांगू पोरांना?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता चुन्याकडे परत.

वणीच्या बाजूला राजूरला, आमच्या नात्यातल्या एकांकडे, लहानपणी एकदाच गेले होते. यवतमाळ जिल्ह्याच्या त्या पट्ट्यात जमिनीत कोळसाही आहे आणि चुनखडीही, त्यामुळे चुन्याच्या भट्ट्या तिथे असणं ओघानेच आलं. आमच्याकडे, काळ्या पाषाणाच्या मुलखात, मोठे चुनखडीचे थर नाहीत. शेतातल्या मातीत सापडणारे खडे भाजून पूर्वी काम भागवायचे. कोकणात शिंपले भाजतात. राजूरच्या भट्टीत वरून चुनखडी आणि कोळशाचे थर भरायचे, खालून भाजलेला चुना ओढायचा. उन्हाळ्यात त्या तोंडापाशी उभी असलेली माणसं आठवतात. डोक्याला बांधलेल्या फडक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड. ती पूड घामाला लागली की तिथल्या तिथे विरते आणि कातडी जळते, हे मला पुष्कळ नंतर सुचलं.

भट्टीत होतं ते चढणीचं काम. चुनखडी मोडून चुना आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे करायचे, तर मोलमागे, म्हणजे १०० ग्रॅममागे, १७८ किलोज्यूल द्यावे लागतात, तेही ९०० अंशांच्या आसपास. एक मोल कार्बन जळून ३९४ देतो. कागदावर त्यात दोन मोल चुनखडी भाजून निघावी. प्रत्यक्षात बरीच उष्णता भट्टीच्या तोंडातून आभाळात जाते.

हे १७८ कुठे जातात? इथे मला हेस आठवतो. जर्मेन हेन्री हेस, १८०२ साली जिनिव्हात जन्मलेला, रशियात वाढलेला. शिकला वैद्यकी, सायबेरियातल्या इर्कुट्स्कला काही काळ डॉक्टरकी केली, आणि नाव कमावलं सेंट पीटर्सबर्गला उष्णता मोजून. १८४० मध्ये त्याने मांडलं की अभिक्रिया एका दमात करा नाहीतर टप्प्याटप्प्याने, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर उष्णतेची बेरीज तीच येते. सिंहगडावर पुणे दरवाजाने जा नाहीतर कल्याण दरवाजाने, माथा तेवढ्याच उंचीवर.

चुना एक फेरी पूर्ण करतो. चुनखडीपासून निघतो आणि चुनखडीलाच परत येतो. भट्टीत १७८ दिले. पिंपात पाणी घातलं, चुना विरला, ६५ परत मिळाले. एक किलो कळीच्या चुन्याला साडेतीन लिटरहून अधिक पाणी उकळीला आणता येईल इतके ते होतात, म्हणून आमचं पिंप खदखदायचं. मग तो विरलेला चुना भिंतीला लागतो, किंवा वाळूबरोबर घाणीत मळून विटांच्या मध्ये बसतो. किल्ल्यांवर ते दगडी चाक आणि गोल चर आपण पाहतो, ती चुन्याची घाणी. गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय त्यात घालत. तिथे हळूहळू चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा चुनखडी होतो. या टप्प्यात ११३.

६५ आणि ११३, १७८.

हा हिशेब फळ्यावर पहिल्यांदा मांडला तेव्हा माझाच हात थबकला होता. आजी म्हणाली होती की भट्टीतला जाळ आहे तो. जमाखर्चापुरतं तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. पिंपातला चटका भट्टीतूनच आलेला होता. चूक होती ती फक्त जागेची. जाळ दगडात बसलेला नव्हता. भट्टीने चुन्याला चढणीवर नेऊन ठेवलं होतं, एवढंच. खाली उतरायला त्याला पाणी भेटावं लागलं, मग हवा भेटावी लागली. आणि आजीला दिसला तो लहान हप्ता होता. मोठा, ११३चा, भिंतीकडे बाकी होता.

तो मात्र कुणालाच जाणवत नाही, कारण भिंत फार संथपणे देते. हवा बाहेरून आत शिरायला वेळ लागतो, थोडी ओल लागते, आणि वरचा पापुद्रा पक्का झाला की आतली वाट आणखी अरुंद होते. १०० किलो विरलेला चुना धरला, तर त्याच्याकडे साधारण ४२ युनिट विजेइतकी उष्णता येणे असते. ती ५० वर्षांत पसरली तर वॅटचा एक दशांश. झिरोचा बल्बही त्यावर लागायचा नाही. तरी ती दिली जाते. घरातल्या माणसांचा उच्छ्वास आणि चुलीचा धूर यांतला कार्बन डायऑक्साइडही भिंतीने घेतला असणार, आणि त्या हिशेबाने स्वयंपाकघराची भिंत माजघराच्या आधी पक्की झाली असावी, असं मला उगाचच वाटतं. हे सिद्ध करायला कुणी मला वाडा देणार नाही.

वाडा गेल्या वर्षी पाडला. भाऊबंदांची वाटणी, पुढे रस्ता, त्यात सांगण्यासारखं नवं काही नाही. मी दोन दिवस समोरच्या ओट्यावर बसून बघत होते. मुकादम वयस्क होता. म्हणाला, "ताई, चुन्यातली वीट साफ निघते. सिमेंटातली फुटते. तुमच्या विटांना गिऱ्हाईक आहे." पोरं पहारीने भिंत सोलत होती आणि बायका विटांचा चुना खरवडून थप्पी लावत होत्या. पहारीने भिंत पडते, चुनखडी मोडत नाही. तिचे फक्त तुकडे होतात. तिला खरंच मोडायचं तर पुन्हा ९०० अंश आणि पुन्हा १७८.

जोत्याजवळची भिंत अडीच-तीन फूट जाड होती. तिच्या पोटातला चुन्याचा एक मोठा, मुठीत न मावणारा गोळा मी मागून घेतला. मुकादमाने तो नारळ द्यावा तसा दोन्ही हातांनी दिला. जुन्या ओळखीवर प्रयोगशाळेतून फिनॉल्फ्थॅलिनची छोटी बाटली आणली. विरलेला चुना शिल्लक असेल तर ते गुलाबी होतं, चुनखडी झालेली असेल तर रंगहीन राहतं. गोळा ओट्यावर ठेवून हातोडीने दोन केला आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर थेंब टाकले. कडेने काहीच नाही. मध्यावर, सुपारीएवढ्या जागेत, जास्वंदीसारखा गुलाबी रंग चढला. माझ्या पणजोबांच्या वेळची ती भिंत. काम अजून संपलेलं नव्हतं.

दुसरा अर्धा तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. पावसाळा गेला. दिवाळीच्या आवराआवरीत तो हाताला लागला, तेव्हा फोडून पुन्हा थेंब टाकले. गुलाबी ठिपका करंगळीच्या नखाएवढा उरला होता. त्यावर बोट ठेवून पाहिलं. गार होता.